आयांना दाखवलेलं हायस्कूल

बाई, तुमची ती रीत मी यंदापासून बंद केली. सातवीच्या पोरींना आणि त्यांच्या आयांना सोबत घेऊन हायस्कूल दाखवून आणायची रीत. तुम्ही असतात तर आधी चष्मा काढून पदराला पुसला असता, आणि मग म्हणाला असतात, "बरं, काय झालं ते सांग, पण रडगाणं न गाता सांग." रडगाणं न गाता सांगता येईल असं वाटत नाही, तरी बघते. इतकी वर्षं मी पोरींच्या घरोघरी जाऊन बोलत आले, समजावत आले, आणि आता बोलायला कोणी उरलं नाही म्हणून तुमच्याशी बोलते आहे. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "एवढ्या पोरी गेल्या की तुझ्या हातून, एक नाही गेली तर काय आभाळ कोसळलं?" त्याचं बरोबर असेल. पण ज्या गेल्या त्यांच्यासाठी मला कोणाला पत्र लिहावंसं वाटत नाही.

आमची सैपाकाची खोली तुम्हाला आठवत असेल. गावाच्या खालच्या अंगाला, मळ्याला लागून. मी सातवी पास झाले त्या उन्हाळ्यात तुम्ही एका संध्याकाळी आलात. दुसऱ्या दिवशी बाजार होता, म्हणून खोलीभर मेथी न् सांभार पसरलेला, कोथिंबिरीचा वास भरून राहिलेला, आणि माय, मोठी आई आणि मी जुड्या बांधत बसलेलो. तुम्हाला बसायला जागा नव्हती. मी पाट आणायला उठले तर तुम्ही बारदान्यावरच बसलात आणि पुढ्यातली मेथी ओढून घेतलीत. तुमच्या जुड्या सैल व्हायच्या. माय त्या तुमच्या नकळत सोडून पुन्हा बांधत होती, ते मी पाहत होते आणि हसू दाबत होते. बराच वेळ तुम्ही पोरीचा विषयच काढला नाही. वांग्यावर कीड पडली का, विहिरीला पाणी किती, असंच चाललेलं. मग जाता जाता बोलल्यासारखं म्हणालात, "पोरीले आठवीत टाकता ना?"

"अवं बाई," माय म्हणाली, "हायस्कूल म्हणजे मोठ्या लोकायचं काम. आपल्याले तिथी कोन उभं करन? अन् हुशार हाये त मेथीच्या जुड्या मोजन, काय वाया जाते?"

तुम्ही वर्गात किती शुद्ध बोलायचात, एक काना चुकला तर पट्टी. आणि आमच्या चुलीपाशी बसून तुम्ही माझ्या मायच्या भाषेत बोललात, ते मी डोळे वासून ऐकत होते. "उद्या बाजाराले जाता ना? मंग टोपलं घेऊनच चला हायस्कूलात. मी येतो संगं. पाहून त घ्या. पाह्याले काय जाते?" मोठ्या आईनं नाक मुरडलं. पण पाह्याले काय जाते, असं म्हणत मायनं टोपलं झटकून दाराशी ठेवलं.

माय बाजारात जिथे बसायची, ती जागा हायस्कुलाच्या भिंतीला लागूनच. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या भिंतीला पाठ टेकून भाजी विकत होती, आणि फाटकाच्या आत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही पुढे, मध्ये मी, मागे डोक्यावर टोपलं घेतलेली माय, अशी आमची वरात आत गेली. टोपलं बाहेर कोणाच्या भरवशावर ठेवणार? हेडमास्तर व्हरांड्यात उभे होते. आणि ते काय म्हणाले? "अरे वा, आज सांभार घरपोच आला का? द्या दोन जुड्या, बाजारात यायची चक्कर वाचली." माय आधी लाजली, मग टोपलं उतरवून निवडून निवडून दोन जुड्या काढल्या. हेडमास्तरांनी त्या हातात धरूनच माझ्याकडे पाहिलं. "ही तुमची का? मग नाव टाका की, विचार काय करता?" परत येताना ट्रॉलीत बसून माय रस्ताभर हसत होती. जो भेटेल त्याला सांगत होती, "बापा, तो त आपला गिऱ्हाईक हाये!" मी हायस्कुलात गेले ती अशी. तुम्ही गालातल्या गालात हसत होतात, तेवढंच मला आठवतं.

शाळा उघडायच्या आधी तुम्ही मला घरी बोलावून घेतलंत आणि युनिफॉर्मचा निळा स्कर्ट मागून घेतलात. दोन दिवसांनी परत दिलात तेव्हा त्याला आतून, कमरेपाशी, हातशिलाईचा एक खिसा होता. खिशात घडी केलेलं स्वच्छ कापड आणि दोन पिना. मी विचारलं, "हे कशाला बाई?" तुम्ही म्हणालात, "लागेल तेव्हा समजेल. तिथं कोणाला काही मागायची पाळी यायला नको." त्याच पावसाळ्यात मला समजलं, गणिताच्या तासाला. उठून बाहेर गेले, परत आले, आणि वर्गात कोणाला काही कळलं नाही. तुमचा तो टाका अजून माझ्या डोळ्यासमोर आहे, आडवा, जाड, दुपेडी दोऱ्याचा.

डी.एड. झालं, मानोरा तालुक्यात तांड्यावरच्या शाळेची ऑर्डर हातात पडली, आणि पेढे घेऊन मी तुमच्याकडे आले. तुम्ही खाटेवर होतात, पायाला पट्ट्या. साखरेच्या आजारानं तुमचा पाय पोखरला होता, आणि तुम्ही त्या पायाकडे दुसऱ्या कोणाचा असल्यासारखं पाहत होतात. मी उत्साहानं सांगत सुटले, पट किती, खोल्या किती, पोरं कशी चुणचुणीत. तुम्ही मध्येच विचारलंत, "तिथल्या बाया दुपारच्या कुठं बसतात?" मी म्हटलं, "मला काय माहीत बाई, परवाच तर रुजू झाले." तुम्ही भडकलात. "मग अजून रुजू झालीच नाहीस. पोरं शाळेत येतात, बाया येत नाहीत. त्यांच्यापाशी आपण जावं लागतं." मला रागच आला होता. पेढे घेऊन आलेल्या माणसाशी कोणी असं बोलतं का? पेढा मात्र तुम्ही खाल्लात, तुमची सून ओरडत असतानाही. त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात.

बाया कुठे बसतात ते मी शिकले. वेळ लागला, पण शिकले. बदल्या होत होत आता पुन्हा एका तांड्यावरच आहे, शाळा तांड्याच्या कडेला, सातवीपर्यंत. इथल्या बाया लिंबाखाली बसतात, पण वर्षातले थोडेच महिने. दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघतात, आणि मग लिंबाखाली म्हाताऱ्या उरतात फक्त. पाडव्याच्या सुमारास गाड्या परत येतात, अंगावर उसाच्या पाचटाचे ओरखडे घेऊन बाया उतरतात, आणि चार दिवस नुसत्या झोपतात. त्या उठल्या की मी सातवीच्या पोरींच्या आयांना गाठते. घरी जाऊन बसते, चहा पिते, लेकराला मांडीवर घेते, तुमच्यासारखी. मग एक दिवस ठरवून सगळ्यांना हायस्कुलात नेते. दर वर्षी काही पोरी आठवीत गेल्या, काही नाही गेल्या. गेलेल्यांपैकी काही दिवाळीपर्यंतच टिकल्या. तरी मी नेत राहिले. तुमची रीत म्हटल्यावर तिच्यात खोट असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

पोरींची तयारीही करून घेते मी. शेवटचा महिनाभर आमच्या वर्गात हायस्कूल भरतं. दर तासाला घंटा, दर तासाला वेगळा शिक्षक. शिक्षक आम्ही दोघेच, म्हणून सर एकदा टोपी घालून येतात आणि एकदा टोपी न घालता, पोरं हसून बेजार होतात. आत येऊ का विचारायचं, हजेरीला उभं राहायचं, पहिल्याच दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसायचं नाही, असं सगळं. यंदा सातवीत एक मुलगी होती, लंबुटांगी, पुढचा दात जरा तुटलेला, अख्ख्या शाळेच्या नकला करणारी. ती आमच्या खोट्या हायस्कुलाची हेडमास्तर व्हायची. पट्टी काखेत मारून, मान तिरपी करून दुसऱ्या पोरीला विचारायची, "तांड्याची का तू? मंग दसऱ्याले जाशीन, नाव कायले लिहू?" वर्ग खदखदून हसायचा. मीही हसायचे. बाई, तिला कोणी हे शिकवलं नव्हतं.

ही पोरगी पहिली यायची. नुसतं पाठ करणारी नव्हे, प्रश्न विचारून जीव खाणारी. गेली काही वर्षं आई-बाप ऊसतोडीला गेले की ती आजीपाशी राहायची, धाकट्या भावाला घेऊन. यंदा ऐन हिवाळ्यात आजी गेली. आई-बाप कारखान्यावर, येईपर्यंत सगळं आटोपलं. उरलेले दोन-तीन महिने पोरगी भावाला घेऊन शेजारच्या घरी राहिली, आणि शेजारचेही किती दिवस सांभाळणार? तेव्हा यंदा तिचा प्रश्न सरळ होता. आठवीत नाव टाकायचं, तर दसऱ्याला भाऊही टोळीसोबत गेल्यावर अर्धं वर्ष तिनं तांड्यावर एकटीनं घर धरून राहायचं आणि रोज फाट्यापर्यंत चालत जाऊन बसनं हायस्कूल गाठायचं. नाही तर आई-बापासोबत टोळीत जायचं, पहाटे भाकरी थापायच्या, आईपाशी असलेल्या तान्ह्याला सांभाळायचं, आणि एखाद वर्षात हातात कोयता. तिसरी वाट नव्हती. आश्रमशाळेत तिला धाडायला आई तयार नव्हती, दूर पडते म्हणून. बापाला विचारलं तर तो म्हणाला, "तिच्या मायले विचारा. ते म्हणन तसं." तेव्हा सगळं त्या बाईवर होतं. उंच, काटकुळी, कमी बोलणारी बाई. हसली तर तोंडावर हात. पोरगी तिला याडी म्हणते, तांड्यात आईला याडीच म्हणतात. मी तिच्याकडे बऱ्याच वेळा जाऊन बसले आणि शेवटी ती म्हणाली, "चाल बाई, पाहून घेऊ."

पाह्याले काय जाते? मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, त्या रात्री मी घरी पुरणपोळी केली.

एप्रिलात, सकाळच्या शाळेचे दिवस. चार आया, चार पोरी आणि मी. आया ठेवणीतली लुगडी नेसून, टाचा दगडानं घासून आलेल्या. बसमध्ये पोरींची खिडकीसाठी मारामारी. हायस्कुलाचे हेडमास्तर भले माणूस आहेत, मनापासून सांगते. त्यांनी आमच्यासाठी ऑफिसबाहेर खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. "या मावशी, बसा." आया खुर्च्यांच्या शेजारी खाली बसल्या. आता पुढे काय करावं ते हेडमास्तरांना सुचेना, म्हणून तेही उभेच राहिले, आणि उभ्याउभ्याच कॉम्प्युटरची खोली, सायकली, खेळाचं मैदान, असं सगळं सांगत राहिले. आया माना हलवत होत्या. आमची नकलाकार पोरगी त्यांच्याकडे टक लावून पाहत होती, घरी जाऊन करून दाखवायला. मग तिची याडी माझ्या कानाशी लागली. एवढ्या वेळात तिनं एकच गोष्ट विचारली, "बाई, पोरीयची मुतारी कुठी हाय?"

मला तर हवाच होता हा प्रश्न. कारण ती बांधून घ्यायला मी स्वतः मीटिंगांमधून भांडले होते. सगळ्यांना घेऊन मागच्या अंगाला गेले. नव्या फरशीची, रंग दिलेली, दाराला चकचकीत कुलूप. मी म्हटलं, "पाहा, कुलूप असतं. पोरं घाण करत नाहीत." बाई, या जिभेनं म्हटलं मी हे. याडी म्हणाली, "अन् किल्ली?" मी म्हटलं, "ऑफिसात, बाबूंपाशी. मागितली की देतात." आणि तेवढ्यावर थांबावं की नाही? पण मला आतूनही दाखवायची हौस. मी बाबूंना जाऊन सांगितलं. त्यांनी खिळ्यावर पाहिलं, ड्रॉवरमध्ये पाहिलं, मग खिडकीतून शिपायाला हाक मारली, "अरे, पोरीयच्या मुतारीची किल्ली कुठी ठेवली बे?" शिपाई मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला. तो तिथूनच ओरडला, "कायले? कोनाले लागली?" मधली सुट्टी झालेली. मैदानावरची झाडून सगळी पोरं वळून पाहू लागली, मिसरूड फुटलेली दहावीची पोरंसुद्धा. "बाया आल्या तांड्यावरच्या, त्यायले दाखवाची हाये!" कोणीतरी शिट्टी मारली. शिपाई रमतगमत आला, कुलूप उघडलं. आत लख्ख. फरशी कोरडी, कोपऱ्यात फिनेलची बाटली सीलबंद. मी म्हटलं, "पाहा, किती स्वच्छ!" याडीनं कुलपाला हात लावला, उचलून पाहिलं, आणि सोडलं.

परतीच्या वाटेवर तिनं पोरीला बांगड्या घेतल्या. हिरव्या. पोरगी फाट्यापासून तांड्यापर्यंत माझ्याशी आठवीतल्या विषयांबद्दल बोलत होती. मला वाटलं, जिंकलं आपण.

एक मेला निकाल लागला, ती पहिली आली, आणि दाखला न्यायला घरचं कोणी आलं नाही. दोन दिवस वाट पाहून मी गेले. याडी दारात गोधडी शिवत होती. तिनं मला बसायला दिलं, चहा टाकला, आणि माझ्याकडे न पाहता बोलली. ती कमी बोलणारी बाई एवढं बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

"ते मुतारी एवढी साफ काहून होती बाई? कोनी जातच नाही म्हून. माही पोरगी हिवाळ्यात मोठी झाली, मी तवा फडात होतो. आजीबी नाही. शेजारनीनं सांगतलं मले फोनवर. आता दसऱ्याले मी पुन्हा जाईन. तिचं पोट दुखलं, कपडा भरला, त ते त्या मानसाले किल्ली मांगन का? मी वळखतो माह्या पोरीले. मरन पण मांगनार नाही. दिसभर दाबून बसन. अन् घरी आली त घरी कोन? आमच्या घराले बी कुलूप अन् तिथी बी कुलूप."

मी म्हटलं, "आणि फडात? तिथे तर आडोसाही नाही."

"नाही आडोसा. पन आमी बाया गोल करून उभ्या राह्यतो."

मी म्हटलं, तिला माझ्याकडे ठेवा. माझ्या घरी राहील, माझ्या लेकीसोबत जाईल-येईल. मी मनापासून म्हटलं, नवऱ्याला न विचारता म्हटलं. ती पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसली, तोंडावर हात ठेवून. "अन् तुमची बदली झाली त?" बदल्यांची यादी निघायची आहे बाई, माझं नाव त्यात असेल नसेल, मी काय सांगणार होते? मग ती म्हणाली, "तुमी वाईट नका वाटून घेऊ. तुमी दाखवलं म्हून समजलं. नाहीतर धाडलंच होतं मी तिले." पोरगी आत चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं. हातातल्या हिरव्या बांगड्या वाजल्या तेवढंच.

करायला गेले काय आणि होऊन बसलं काय! मी तशीच तावातावानं हायस्कुलात गेले. म्हटलं, किल्ली बाईंच्या ताब्यात द्या. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम एकच आहेत, त्याही आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्या शाळेवर." मग कुलूपच काढा. "काढलं होतं मॅडम. महिन्यात पोरांनी दार मोडलं." खोटं बोलत नव्हते ते. मग किल्ली मुलींच्याच वर्गात ठेवा, एका मुलीकडे. "बघू," म्हणाले. मी धावत परत आले, याडीला सांगितलं, आता किल्ली मुलींपाशीच राहणार. तिनं शांतपणे विचारलं, "बघू म्हनले असतीन ना?" मला खोटं बोलता आलं नाही. इतका राग आला मला, त्या कुलपाचा, त्या शिपायाचा, मैदानावर शिट्टी मारणाऱ्याचा, आणि सगळ्यात जास्त माझा. पण राग येऊन काय होतं? याडी बोलली त्यातलं एक अक्षर चूक असतं तर मी भांडले असते तिच्याशी.

त्या रविवारी मी मायकडे गेले. ती आता बाजाराला जात नाही, गुडघे गेले. मी तिला विचारलं, माय, मला तू हायस्कुलात कशी काय धाडलीस गं? बाईंनी समजावलं म्हणून? तिनं मला वेड्यात काढलं. "बाई काय समजावन? त्या त मेथीच्या जुड्याइचा खराबा करून गेल्या. तो हेडमास्तर दर बाजाराले माह्यापासून सांभार न्यायचा. हात लावून, निवडून, घासाघीस करून. ज्याले आपल्या हातचा सांभार चालते, त्याले आपली पोरगी काहून नाही चालन? अन् पोरीले काही झालं असतं त मी भिंतीच्या अल्याड बसेलच होतो का नाही?"

बाई, मी तिथेच बसून रडले. हायस्कूल दाखवून काही होत नव्हतं. माझी माय त्या भिंतीपाशी आधीपासून बसलेली होती, आत फक्त तिची ओळख निघाली. या तांड्यातल्या बायांना त्या गावात कोण ओळखतं? तिथे त्यांच्याकडून कोणी काही घेत नाही. त्या बस बदलायला उतरतात, दवाखान्यात रांगेत उभ्या राहतात, दुकानदार त्यांना एकेरीत बोलतो. मी दर वर्षी त्यांना तिथे नेत होते आणि म्हणत होते, पाहा. त्यांनी पाहिलं. तुम्हाला हे ठाऊक होतं का? म्हणूनच बाजाराचा दिवस धरलात का? टोपलं घेऊनच चला म्हणालात ते मुद्दाम का? मला सांगायला नको होतं का मग? की तुम्हीही आपलं सहज म्हणून गेलात आणि जमून आलं? खाटेवर पडून बाया कुठे बसतात म्हणून माझ्यावर ओरडण्यापेक्षा हे एक सांगून गेला असतात तर? हे उद्धट वाटेल तुम्हाला. वाटू द्या. माहेरच्या माणसावर काढावा तसा राग मी तुमच्यावरच काढणार, दुसऱ्या कोणावर काढू?

जूनअखेर शाळा उघडली. पहिल्या दिवशी आम्ही नव्या पोरांना फुलं देत होतो तर ती आली. धाकट्या भावाचं बोट धरून, दप्तर पाठीवर, वेणी घालून. मला वाटलं भावाला सोडायला आली. भाऊ आपल्या वर्गात गेला आणि ही सातवीत जाऊन बसली, भिंतीकडेला. मी जवळ गेले. ती उठून उभी राहिली, आम्ही खोट्या हायस्कुलात शिकवलं होतं तशी, आणि म्हणाली, "बाई, मी आनखीन एक डाव सातवी करतो. ह्या खेपी अजून चांगली करतो." पहिली आलेली पोरगी, बाई! मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले, खडू शोधल्यासारखं करत. सर म्हणाले, "मॅडम, हिचं नाव पटावर नाही, साहेब आले तर काय सांगायचं?" मी म्हटलं, येऊ द्या साहेबांना.

तेव्हापासून ती रोज येते. पुस्तक तिला पाठ आहे, म्हणून मी तिला आठवीचं आणून दिलंय, तेही ती धडाधड पुढे नेते. गणितात अडली की माझ्याशी भांडते. दसऱ्यापर्यंत येईल. पुढे टोळी निघेल आणि त्या गाडीत ती बसेल, यात बदल होईल असं मला कुठेच दिसत नाही. पुढल्या पाडव्याला ती परत येईल तेव्हा पुन्हा सातवीत बसायला येईल का? आली तरी ती कितीदा येईल, आणि मी तरी इथे असेन का?

एक खरं की हायस्कुलात नाव अजूनही टाकता येतं. वर्षाच्या मध्येही घेतात, हेडमास्तर नाही म्हणायचे नाहीत. बापही आडवा येणारा नाही. एखादी वाट असेलही, जी मला सुचलेली नाही. ती शोधायची तर याडीच्या दारात पुन्हा जाऊन बसावं लागेल, एकदा नव्हे, रोज. हे लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचायची काही सोय नाही, आणि त्याचं मला आज बरंच वाटतंय. कारण हे सगळं वाचून तुम्ही मला कुलपाचं विचारलं नसतं, सांभाराचंही नाही. तुम्ही एवढंच विचारलं असतं, "आज गेली होतीस का तिच्या आईकडं?"

नाही बाई. आज गेले नाही, कालही नाही. शाळा सुटली की तांड्याकडे न वळता सरळ फाट्यावर जाऊन बस धरते. सकाळी ती पोरगी माझ्या वर्गात भिंतीकडेला बसलेली दिसते, आणि ती तिथेच बसलेली मला हवी असते.